घरासकट सासू

न्यायाधीशबाई निकाल वाचत होत्या आणि सारिबानोंग शेवटच्या बाकावर, मांडीवर केळीच्या पानाच्या पुरचुंड्या घेऊन, आपलं नाव कधी येतं याची वाट बघत होती.

नावं सगळ्यांची आली. नात आइनून आणि नातू फद्लान आईकडे, म्हणजे हायदाकडे राहतील. शुक्रवारी नमाजानंतर ती बापाकडे, म्हणजे रुस्तानकडे जातील आणि शनिवारी दिवेलागणीला परत येतील. घर हायदाचं आणि मुलांचं. घराखालची जमीन रुस्तानची, कारण ती त्याला वडिलांकडून आलेली. पेरणीच्या आत हायदाने घर उचलून आपल्या माहेरच्या जागेवर न्यावं. निकालात बदकांचासुद्धा उल्लेख होता; ती अर्धी अर्धी. शेवटी बाईंनी कागद मिटले आणि चष्मा काढला.

सारिबानोंग उठून उभी राहिली. ती रुस्तानची आई, हायदाची सासू. नवरा गेल्यापासून त्याच घरात राहत होती.

"जजबाई, आणि मी कुठे?"

"आजी, तुम्ही या दाव्यात पक्षकार नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हे भांडण तुमचं नाही."

"माझं कसं नाही? पंखा कोणी बंद केला, मासे कोणी खारट केले, घड्याळ कुठल्या भिंतीला लावायचं, यांच्या एकूणएक भांडणात मी मधे बसलेली आहे. त्यांनी एखादं चुकवलं असेल, मी नाही."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशबाई जावा बेटावरच्या, नाव विदियास्तुती. बदली होऊन आल्यापासून त्यांना इथल्या बुगिस लोकांच्या बोलण्याची हळूहळू सवय होत होती. त्या म्हणाल्या, "आजी, मोठ्या माणसाने कुठे राहावं हे कोर्ट सांगत नसतं. तुम्हाला वाटेल तिथे राहा."

"असं लिहून मिळेल?"

"लिहायची गरज नाही."

"बरं, तोंडी तर तोंडी," असं म्हणून म्हातारीने एक पुरचुंडी पुढे केली. आत बारोंगको होता. पिकली केळी, अंडी आणि नारळाचं दूध एकत्र घोटून पानात वाफवलेला. तिच्या हातचा बारोंगको खायला लोक वाट वाकडी करून येत.

"खटल्यातल्या माणसांकडून आम्हाला काही घेता येत नाही, आजी."

"आत्ताच तर म्हणालात, मी खटल्यात नाही."

बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं, पण पुरचुंडी घेतली नाही. ती दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने खाल्ली.

या बाई खटला सुरू झाला तेव्हा थोड्या गोंधळल्या होत्या. त्यांच्या पुस्तकात घर म्हणजे स्थावर. जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचं, हे एकवेळ कागदावर जमेल. पण मग एकाने दुसऱ्याच्या जमिनीवर राहायचं कसं? त्यांनी तसं विचारल्यावर दोन्ही बाजूंचे वकील एकमेकांकडे बघून हसले. काडीमोड घ्यायला आलेले नवरा-बायकोही हसले, आणि त्या वर्षात ती दोघं एकाच गोष्टीला हसण्याची ती पहिलीच वेळ. शेवटी बाई स्वतः गाव बघायला आल्या. लाकडी खांबांवर उभं घर, प्रत्येक खांब नुसता दगडावर टेकवलेला, कुठेही जमिनीत रोवलेला नाही. "आमच्याकडे घर चालतं," सारिबानोंगने वरून, खिडकीतून त्यांना सांगितलं. "माणसं बसून राहतात." बाईंनी खांबाभोवती एक फेरी मारली, दगडाला हात लावून बघितला आणि आपल्या शास्त्रातलं स्थावर त्या दिवसापुरतं जंगमात जमा केलं.

रुस्तान आणि हायदा यांच्यात तसं वाईट कोणीच नव्हतं. रुस्तान ट्रक चालवायचा, मकास्सरहून पालूला आणि परत. महिन्यातले थोडे दिवस घरी यायचा आणि तेवढ्यात राहिलेल्या सगळ्या दिवसांच्या चुका काढायचा. हायदा शिवणकाम करायची. ती रोज घरी असायची आणि तिला चुका काढून घ्यायची सवय नव्हती. एका टोपलीत दोन कोंबडे ठेवल्यावर टोपलीचं जे होतं ते झालं. गावाने समजावलं, इमामांनी समजावलं, कोर्टाने नेमलेल्या मध्यस्थानेही समजावलं. त्या मध्यस्थाला दोघांनी मिळून घड्याळाची भिंत कोणती बरोबर ते विचारलं. तो कुठल्याही भिंतीचं नाव घेईना, तेव्हा दोघंही त्याच्यावर चिडली.

राहिली सारिबानोंग. रीतीप्रमाणे म्हातारी आई मुलाची. पण मुलगा ट्रकवर आणि जमिनीवर उरणार नुसते दगड. तेव्हा मकास्सरहून मुलीचा, रोस्मिनीचा फोन आला. "इंदो, तू माझ्याकडे ये. मी शुक्रवारी गाडी घेऊन येते. घरही त्याच दिवशी हलणार आहे, म्हणजे तुला डोळ्यांनी बघायला नको."

इंदो म्हणजे आई. सारिबानोंगने "ये, ये" म्हटलं आणि फोन ठेवून नाक मुरडलं.

मकास्सरला ती एकदा जाऊन आली होती. घर छान होतं, जमिनीपासून छतापर्यंत फरशी. पण फरशीला फटी नसतात. गावाकडे स्वयंपाकघराची जमीन बांबूच्या कामट्यांची. मासा खायचा, काटा फटीतून खाली सोडायचा, खाली बदकं चोच वर करून उभीच. मकास्सरला तिने सवयीने काटा सोडला तो जावयाच्या पायाशी पडला. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी जावयाने स्वतः तिच्यासमोर बशी ठेवली आणि सारिबानोंगला एवढं परकं वाटलं की आठवडा सरायच्या आत ती बाजारातून परत निघालेल्या मासळीच्या गाडीत बसून घरी आली. अंगाला वास येत होता. हायदा दारात नाक धरून म्हणाली, "इंदो, तुम्ही आलात की मासळी आली?"

"मासळी असती तर तू खारवून घालवली असतीस," म्हातारी म्हणाली आणि आंघोळीला गेली.

दोघींचं बोलणं हे असं. लग्न झाल्यापासून त्यांनी एकमेकींना चांगलं म्हटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. पण बारोंगकोची केळी एकीने सोलायची आणि दुसरीने घोटायची, हे रोज होत होतं. मुलं तर म्हातारीच्या अंथरुणातच वाढलेली. फद्लानला तिचा कान धरल्याशिवाय झोप येत नसे.

निकाल लागून आल्यावर हायदाने एकदाच विषय काढला, तोही पाठमोरी राहून, मशीनवर शिवता शिवता. "रोस्मिनीताईंकडे फरशी आहे म्हणे. पाय दुखत नाहीत फरशीवर."

"हो. गार असते."

"मग बरं."

"बरंच."

मशीन पुढे चालू झालं. हायदाला वाटत होतं, घर तर नेतेच आहे, आता सासूला राहा म्हटलं तर गाव म्हणेल हिने नवऱ्याला उघड्या जमिनीवर सोडलं, त्याची आई पण त्याला ठेवली नाही. सारिबानोंगला वाटत होतं, मी लेकाची आई. सुनेने बोलावल्याशिवाय तिच्या माहेरच्या जागेवर कुठल्या तोंडाने जाऊ? दोघींचा हट्ट एकाच गिरणीत दळलेला. सारिबानोंगजवळ एकच आधार होता: कोर्टाने तोंडी सांगितलं होतं, वाटेल तिथे राहा. त्या निकालाची अंमलबजावणी कशी करायची हे ती केळी घोटता घोटता शोधत होती. एका संध्याकाळी मधल्या खांबाला पाठ टेकवून बसलेली असताना तिला ते सापडलं, आणि ती एकटीच इतकी हसली की आइनूनने येऊन विचारलं, "नेने, काय झालं?" नेने म्हणजे आजी.

"काही नाही. खांबाने एक गंमत सांगितली."

शुक्रवार उजाडला. आमच्याकडे घर उचलायचं ते शुक्रवारीच, कारण दुपारच्या नमाजाला गावातले सगळे पुरुष आयते एका जागी सापडतात. नमाज संपला आणि मशिदीच्या भोंग्यावरून इमाम म्हणाले, "हायदाचं घर न्यायचं आहे. रिकाम्या हातांनी या, भरल्या पोटाने जा. छातीत दुखणाऱ्यांनी फक्त ओरडायला यावं."

पायजम्यावर लुंग्या खोचत गाव आलं. कपाट, पलंग, तांदळाची पोती, शिवणमशीन, टीव्ही, वादातलं घड्याळ, सगळं आधीच खाली उतरवलेलं. खांबांना आडवे बांबू बांधलेले. हायदाची आई, इंदो रोहानी, नव्या जागेवर मोठमोठ्या पातेल्यांत बदकाचं मटण आणि चिकट भात रांधत होती. ही बदकं हायदाच्या वाट्याची होती, हे सगळ्यांना तिने सांगून ठेवलं होतं.

रुस्तान आपल्या जमिनीच्या कडेला, सिगारेट न पेटवता हातात धरून उभा होता. ज्याने हे घर बांधलं तो सुतार लासाके आज पुढारी; सगळे त्याला मानाने पुआंग म्हणत. गळ्यात शिट्टी, डोक्याला टॉवेल. तो म्हणाला, "रुस्तान, काय पाहुण्यासारखा उभा आहेस?"

"माझ्याच जमिनीवरून माझंच घर घेऊन चाललात आणि मीच हात लावू?"

"लावणार नसशील तर डाव्या कोपऱ्याला माणूस कमी पडतो. घर कलंडलं तर तुझीच पोरं उघड्यावर."

"बायको गेली, निदान घर तरी पोचवून ये," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. रुस्तानही हसला, सिगारेट कानावर ठेवली आणि डाव्या कोपऱ्याला खांदा दिला. घर उचलायला हाक आली आणि गेला नाही, असा माणूस आमच्याकडे पुढे कुठल्या तोंडाने नमाजाला जाणार?

रोस्मिनी गाडी घेऊन वेळेवर आली होती. मशिदीच्या वळणावर गाडी लावून ड्रायव्हर जेवण शोधायला गेला, आणि ती आईची पिशवी हातात घेऊन घराखाली उभी राहिली. "इंदो, उतर. चल आता."

वरून टोपली सरकवल्याचा आवाज आला.

पुआंग लासाकेने शिट्टी तोंडात घातली आणि पुन्हा काढली. "घराला सांगितलं का कोणी?"

हा आमचा रिवाज. मधला खांब म्हणजे घराची बेंबी. घर हलवण्याआधी घरातल्या सर्वांत वडील बाईने त्या खांबाला हात लावून सांगायचं की बाबा, आपण आता अमुक ठिकाणी जात आहोत, घाबरू नकोस. न सांगता उचललेलं घर जड होतं म्हणतात. आणि त्या खांबाला बांधलेलं काहीही, नारळ, केळीचा घड, पाण्याचं मडकं, उतरवायचं नाही. ते घराबरोबरच जातं.

"मी सांगते," इंदो रोहानी पळी घेऊनच पुढे आली.

"तू नव्या जागेची यजमानीण. ज्याच्या घरातून निघायचं, तिथल्या बाईने सांगायचं. आणि हा खांब सारिबानोंगच्या जुन्या घरातला आहे, मी स्वतः बसवलाय." लासाकेने मान वर केली. "बानोंग, ऐकते आहेस का?"

"ऐकते आहे," वरून आवाज आला. "सांगूनही झालं."

"मग उतर."

"उतरता येत नाही. मी बांधलेली आहे."

लासाके शिडी चढून वर गेला. मधल्या खांबाशी नारळ, केळीचा घड, पाण्याचं मडकं आणि त्यांच्या शेजारी सारिबानोंग, पाय लांब करून, कमरेची जांभळी लुंगी खांबाला तीन वेढे देऊन घट्ट गाठ मारलेली. मांडीवर बारोंगकोची टोपली.

तो खाली बघून म्हणाला, "खरंच बांधलेली आहे."

घराखाली हशा फुटला. रोस्मिनी तेवढी हसली नाही. "पुआंग, तिला सोडवा. लोक काय म्हणतील? मुलगी न्यायला आली आणि आई सुनेच्या घरात बांधून घेऊन बसली."

"खांबाला बांधलेलं मला सोडवता येत नाही, पोरी. मी या घरांच्या खांबा-तुळयांची लग्नं लावली आहेत. रिवाज मोडला आणि उद्या छप्पर गळलं तर तू येणार आहेस का मकास्सरहून?"

"माणूस म्हणजे काय मडकं आहे?"

"मडक्यापेक्षा जास्त बोलते, एवढाच फरक," कोपऱ्यातून रुस्तान म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज मोकळा झाला. मग मान वर करून त्याने विचारलं, "इंदो, खरंच जायचंय तुला?"

"मला कोर्टाने सांगितलंय, वाटेल तिथे राहा. मला इथे वाटतंय. आता हे 'इथे'च तिकडे चाललं असेल, तर त्याला मी काय करू?"

सगळ्यांचे डोळे हायदाकडे वळले. ती शिडीच्या पायथ्याशी उभी होती, फद्लानचा हात धरून. इतक्या माणसांसमोर तिला पाठ फिरवायला मशीन नव्हतं. तिने वर बघितलं. "इंदो, जड होईल घर."

"पलंगापेक्षा हलकी आहे मी."

"पलंग बोलत नाही."

"बोलायचं नाही म्हणतेस?"

हायदाने शिडी धरली. "गाठ नीट मारली आहे का बघा. वाटेत सुटली तर माझ्या नावाने खडे फुटायचे. आणि केळी उद्याची सोलायची आहेत, तेव्हा हात मोडून घेऊ नका."

एवढंच. पण ज्यांना या दोघी माहीत होत्या त्या सगळ्यांना कळलं की याहून मोठं आमंत्रण त्या गावात त्या वर्षी कोणाला मिळालं नव्हतं.

लासाकेने शिट्टी फुंकली. एक आरोळी उठली, बांबू करकरले आणि घर, छप्पर-भिंती-खिडक्या-म्हातारीसकट, दगडांवरून सुटलं. खाली शंभरावर पाय दिसायला लागले. घर चालू लागलं.

असं काही सुरू झालं की माणसांना चढते. कोणी गाणं म्हणतो, कोणी कोंबड्यासारखा आरवतो, कोणाची लुंगी सुटते आणि ती धरावी की घर धरावं हे त्याला कळत नाही. सारिबानोंग खिडकीतून हाताला येईल त्याच्या तोंडात बारोंगको कोंबत होती. "तोंड उघड. नाही, तू नाही, तू मागच्या वर्षी माझी केळी चोरलीस. बरं, तू पण घे." फद्लान आणि आइनून घराच्या बाजूने धावत होती. घराच्या सावलीतून बदकं चालली होती, दोन्ही वाट्यांची, कारण त्यांना निकाल माहीत नव्हता.

मशिदीच्या वळणावर घर थांबलं. वाटेत रोस्मिनीची गाडी आडवी आणि ड्रायव्हरचा पत्ता नाही. घर घेऊन फार वेळ उभं राहता येत नाही. "शेतातून!" लासाके ओरडला, आणि नुकत्याच कापलेल्या भाताच्या शेतातून, धसकटं तुडवत, सगळी मिरवणूक सरळ हायदाच्या माहेरच्या जागेकडे निघाली. तिथे तिच्या भावाने दगड मांडून ठेवलेलेच होते. शिट्टी वाजली, खांब दगडांवर टेकले, एकही दगड चुकला नाही, आणि सगळे जिथे होते तिथे बसून मोठ्याने हसायला लागले.

पहिल्यांदा गप्प झाला तो हायदाचा भाऊ. "पुआंग, शिडी तिकडे कशी?"

रस्त्याच्या बाजूला त्याने पाय धुवायचा दगड, पाण्याचं पिंप, सगळं तयार ठेवलं होतं. तिथे आता स्वयंपाकघराची मागची भिंत आली होती. वळणावर घराचं तोंड फिरायचं होतं, ते शेतातून सरळ आल्यामुळे फिरलंच नाही. खांबांची मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी, त्यामुळे टेकवेपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही. घर रस्त्याला पाठ करून उभं होतं. पुढचं दार, ओटा आणि शिडी समोरच्या मोकळ्या शेताकडे. आणि शेताच्या पलीकडे रुस्तानची जमीन, तिच्यावर रिकामे दगड.

"फिरवायचं?" लासाकेने विचारलं. कोणीच उठेना. बदकाच्या मटणाचा वास सुटला होता. त्याने वर हाक मारली. "बानोंग, घर उलटं बसलंय. पुन्हा उचलायचं का? तू सांग, तू बांधलेली आहेस."

सारिबानोंगने गाठ सोडली, ओट्यावर आली आणि समोर बघितलं. शेत, बदकं आणि पलीकडे आपली जुनी जागा, हात पुढे केला तर लागेल अशी. "असू दे," ती म्हणाली. "घराला मी इकडे जायचंय म्हणून सांगितलं होतं, पण कुठे बघायचं ते सांगायचं राहिलं. ते आपलं ओळखीचं बघत बसलं."

हायदाने ओट्याकडे बघितलं, रुस्तानकडे बघितलं आणि भावाला म्हणाली, "पिंप इकडे आण."

रोस्मिनी जेवली, रडली, हसली आणि आईची पिशवी ओट्यावर ठेवून टोपलीभर बारोंगको घेऊन गेली. निघताना आईला म्हणाली, "फरशीवर काटे टाकलेस तरी चालतील, कधीतरी ये." म्हातारीने तिच्या गालाचा पटकन मुका घेतला आणि "बशी ठेवू नको म्हणजे झालं," म्हणाली.

जेवणं उरकल्यावर रुस्तान शिडीशी आला. खांदा चोळत होता. त्याला पलीकडच्या जमिनीवर एक लहानशी खोली बांधायची होती, मुलं आल्यावर झोपायला. दगड आहेतच, लासाके लाकूड बघतो म्हणाला होता. हे सगळं सांगून झालं तरी तो जाईना. शेवटी म्हणाला, "इंदो, माझ्याकडे कधी येणार मग?"

सारिबानोंग ओट्यावर बसून केळी सोलायला लागली होती. फद्लान तिच्या मांडीवर लोळत होता, कान धरून.

"शुक्रवारी नमाजानंतर," ती म्हणाली. "आणि शनिवारी दिवेलागणीला परत. पोरांबरोबर. कोर्टाने ठरवलंय ना तसं."

"ते पोरांसाठी ठरवलंय."

"मग मी कुठे वेगळं मागतेय? आजच शुक्रवार आहे, पण आज तुझ्याकडे छप्पर नाही. आजचा दिवस मी सोडते. पुढचा नाही सोडणार."

आतून हायदा म्हणाली, "इंदो, सालं खाली टाकू नका. उरलेली बदकं कोणाकोणाची ते अजून वेगळं व्हायचंय."

म्हातारीने मान डोलावली आणि हातातलं साल फटीतून खाली सोडलं. खाली सगळी बदकं चोच वर करून उभीच होती.